रोजचं एक पान, जलरंगात

जलरंगाची रोजनिशी सहसा पाचव्या-सहाव्या पानावर बंद पडते. माझ्या पहिल्या दोन वह्यांचं तसंच झालं. पहिल्या पानावर हौसेनं मोठा देखावा घेतला, त्याला तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ हाताशी नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी कालचं राहिलं या टोचणीनं वही उघडवेना. तिसरी वही मात्र शेवटपर्यंत भरली आणि त्यानंतरच्याही भरल्या. मधल्या काळात बदललं ते इतकंच: पान वीस मिनिटांत संपवायचं असं ठरवलं आणि कागदापासून कुंचल्यापर्यंत प्रत्येक वस्तू त्या वीस मिनिटांना साजेशी निवडली.

विषय शोधत हिंडायची गरज नाही. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररनं १५०३ साली रानगवताचा एक झुबका जलरंगात रंगवला. त्यात डँडेलियन आहे, गवताची पाती आहेत, खाली ओलसर माती आहे, बाकी काही नाही. आज ते चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे. तुमच्या टेबलावरचा मग, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल, किल्ल्यांचा जुडगा यांच्यात त्या गवतापेक्षा कमी काही नाही.

वही

सगळ्यात जास्त विचार कागदाचा करा. रंग मध्यम दर्जाचे असले तरी चालून जातं, कागद वाईट असेल तर कितीही चांगला हात हतबल होतो. कागदाची जाडी जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. जलरंगाच्या सुट्या कागदाचं नेहमीचं वजन ३०० जीएसएम. वहीसाठी २०० जीएसएमही पुरतं, फक्त पाण्याचा हात जरा आवरता घ्यावा लागतो. १५० च्या खाली गेलात की कागद फुगतो, आणि दुसऱ्यांदा कुंचला फिरवला की त्याचे धागे सुटायला लागतात.

जाडीइतकीच महत्त्वाची असते कागदाची खळ. जलरंगाच्या कागदाला जिलेटिनची किंवा तशाच एखाद्या पदार्थाची खळ दिलेली असते, त्यामुळे रंग थोडा वेळ पृष्ठभागावर थांबतो. साधा कागद तो टिपकागदासारखा पिऊन टाकतो आणि रंग मरगळतो. कापसाचा कागद पाणी सावकाश सोडतो, म्हणून ओल्या रंगात दुसरा रंग मिसळू द्यायला अवधी मिळतो. लाकडाच्या लगद्याचा कागद भराभर वाळतो, पण त्यावरून चुकलेला रंग पुसून उचलणं सोपं जातं. पहिल्या वहीसाठी मी लगद्याचाच कागद सुचवेन. महागड्या कागदाची धास्ती बसते, आणि धास्ती बसली की रोजची वही सणासुदीची होऊन बसते.

पोत तीन प्रकारचा मिळतो: गुळगुळीत हॉट प्रेस, किंचित खरखरीत कोल्ड प्रेस आणि चांगलाच खडबडीत रफ. पेन आणि रंग दोन्ही वापरायचे असतील तर कोल्ड प्रेस घ्या. आकार ए५, शिवलेली बांधणी, उघडल्यावर सपाट पडणारी. स्पायरलची वहीही चालते, पण जोडपानावर सलग चित्र काढता येत नाही.

सहा रंग

जलरंग म्हणजे बारीक वाटलेलं रंगद्रव्य आणि बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक. डिंक वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो, म्हणून वडी वर्षभर कोरडी पडून राहिली तरी ओल्या कुंचल्याला रंग देते. पूर्वी चित्रकाराला रंगद्रव्य आणून स्वतः घोटून घ्यावं लागे. तयार वड्यांसाठी इंग्लंडमधल्या रीव्हज बंधूंना सोसायटी ऑफ आर्ट्सनं १७८१ मध्ये रुपेरी पॅलेट देऊन गौरवलं. खिशात मावणारी रंगपेटी शक्य झाली ती या वड्यांमुळे.

चोवीस रंगांची पेटी घेऊ नका. कोणता रंग घ्यावा यातच पाच मिनिटं जातात आणि रंग मिसळायला शिकायचं राहून जातं. वडीच्या वेष्टणावर किंवा ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. नावापेक्षा तोच बघा, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या कंपन्या वेगळी द्रव्यं विकतात. माझ्या पेटीत वर्षानुवर्षं हे सहा आहेत: थंड पिवळा पीवाय १५४, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर पीवाय ४३, गुलाबी क्विनॅक्रिडोन पीव्ही १९, अल्ट्रामरीन निळा पीबी २९, थॅलो निळा पीबी १५:३ आणि तपकिरी बर्न्ट सिएना. हा शेवटचा बहुधा पीबीआर ७ किंवा पीआर १०१ असतो.

काळा रंग या यादीत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना दाट मिसळले की काळ्याच्या जवळ जाणारा गडद रंग मिळतो. त्यातच पाणी वाढवत नेलं की करड्याच्या असंख्य छटा मिळतात. निळा जास्त घातलात तर पावसाळी आभाळाचा करडा, तपकिरी जास्त घातलात तर जुन्या लाकडाचा. नळीतला काळा या सगळ्या ठिकाणी एकसारखाच मेलेला दिसतो. वहीतल्या बहुतेक सावल्या मी याच जोडीनं रंगवते.

अलिझारिन क्रिमझन नावाचा सुंदर गडद लाल मोहात पाडतो. वेष्टणावर पीआर ८३ असेल तर तो घेऊ नका, उजेडात उडतो. शंका आली तर स्वतःच पारख करा. कागदाच्या पट्टीवर रंग द्या, अर्धी पट्टी जाड पुठ्ठ्यानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत दीड-दोन महिने चिकटवून ठेवा. पुठ्ठा काढल्यावर दोन भाग वेगळे दिसले तर तो रंग बाद.

कुंचले दोनच पुरतात: आठ नंबरचा टोकदार गोल आणि अर्ध्या इंचाचा चपटा. गोल कुंचला ओला करून झटकल्यावर त्याचं टोक आपोआप जुळलं पाहिजे, घेताना एवढंच पाहा. मुठीत पाणी भरलेला वॉटर ब्रश प्रवासात सोयीचा असतो, पण तो सतत पाणी सोडतो, त्यामुळे दाट रंग लावणं अवघड जातं. शिकण्यासाठी साधा कुंचलाच बरा.

पेन घ्याल ते जलरोधक शाईचं, म्हणजे रंगद्रव्याच्या शाईचं असू द्या. वेष्टणावरच्या शब्दांवर विसंबू नका. माझ्या एका पेनावर शाई पक्की असल्याचं छापलेलं होतं. पहिला हलका निळा फिरवला आणि तासभर काढलेल्या सगळ्या रेघा त्यात वाहून गेल्या. तेव्हापासून नवं पेन आधी वहीच्या शेवटच्या पानावर जातं. रेघ मारायची, पाच मिनिटं थांबायचं, ओला कुंचला फिरवायचा.

पेन्सिल, खोडरबर, पाण्यासाठी झाकणाची छोटी डबी, सुती फडकं आणि दोन क्लिपा. सगळं एकाच थैलीत, आणि थैली जिथे रोज बसता तिथेच. पाणी आणायला उठावं लागलं तर वीसातली पाच मिनिटं गेली.

पाणी ओळखणं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण जलरंगात बहुतेक सगळं बिघडतं ते पाण्यामुळे, आणि रमणीय असं जे काही घडतं तेही पाण्यामुळेच.

कागद ओला केल्यावर तो चार अवस्थांतून जातो. आधी पाण्याचं डबकं दिसतं. मग डबकं जिरतं आणि सगळा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. त्यानंतर चकाकी मावळते, पण कागद आतून ओला असतो. शेवटी तो कोरडा होतो. चकाकी असताना रंग सोडलात तर तो मऊ पसरतो; ढग, धुकं, दूरची झाडी या वेळेची. कोरड्या कागदावर कडा स्वच्छ येते; कपाची कड, खिडकीची चौकट त्या वेळेची. घात होतो तो तिसऱ्या अवस्थेत. चकाकी गेली म्हणून कागद वाळला असं वाटतं, आपण ओलाचिंब कुंचला टेकवतो, आणि कुंचल्यातलं जादा पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला ढकलत बाहेर नेतं. तिथे फुलकोबीसारखी वेडीवाकडी कडा उमटते.

यातून वाचायचा एकच नियम आहे: कागद अर्धवट ओला असेल तर कुंचला त्याच्यापेक्षा कोरडा हवा. म्हणून प्रत्येक वेळी रंग घेतल्यावर कुंचल्याचं पोट फडक्याला एकदा टेकवायची सवय लावून घ्या. कागद खरंच वाळलाय का हे कळायला हाताची पाठ हलकेच टेकवा. गार लागला तर आत पाणी आहे.

एका संध्याकाळी वहीचं एक पान यासाठीच खर्च करा. सहा चौकोन आखा, सहाही एकदम पाण्यानं ओले करा आणि दर मिनिटाला एका चौकोनात दाट निळ्याचा एक ठिपका सोडा. पहिल्यात ठिपका चौकोनभर पसरेल, शेवटच्यात जिथल्या तिथे राहील. पानाखाली मिनिटं लिहून ठेवा. तुमचा कागद, तुमची हवा आणि तुमचा कुंचला यांचं वेळापत्रक त्या पानावर मिळतं. दमट हवेत ते लांबतं, पंख्याखाली आखडतं.

आणखी एक लक्षात असू द्या. जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओला असताना अगदी नेमका वाटलेला रंग वाळल्यावर मिळमिळीत दिसतो. लावताना तो थोडा जास्तच गडद वाटला पाहिजे.

वीस मिनिटं, एक मग

समोर एक मग ठेवा, खिडकीचा उजेड एका बाजूनं येऊ द्या.

पहिली दोन मिनिटं रंगाला हात लावू नका. पानाच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि कुठे बसलात ते लिहा. कोऱ्या पानाचा दरारा या एका ओळीनं निम्मा उतरतो. मग साधारण सात बाय नऊ सेंटिमीटरची चौकट आखा. पूर्ण पान भरायचं नाही. लहान चौकटीत एका कुंचल्यात मोठा भाग झाकला जातो, आणि वेळ पाळणं जमतं ते त्यामुळेच. उजेड कुठून येतो तिथे चौकटीबाहेर एक बारीक बाण काढा.

पुढची पाच मिनिटं रेखाटनाची. हात पूर्ण ताठ करून पेन्सिल उभी धरा, एक डोळा मिटा आणि मगची उंची अंगठ्यानं पेन्सिलीवर मोजा. तीच पेन्सिल आडवी करून रुंदी ताडून पाहा. उंचीच्या मानानं रुंदी किती, एवढं एक प्रमाण नेमकं आलं की तो मग ओळखीचा दिसतो. मगचं तोंड वर्तुळ असलं तरी आपल्याला लंबगोल दिसतं. ते डोळ्यांच्या पातळीच्या जितकं जवळ तितकं चपटं, जितकं खाली तितकं गोलसर. म्हणून तळाचा बाक तोंडाच्या बाकापेक्षा जास्त भरीव काढायचा. जवळजवळ सगळेच नवशिके तळाला सरळ रेघ मारतात आणि तो मग टेबलावर बसत नाही. लंबगोलाची टोकंही अणकुचीदार होता कामा नयेत, तिथे रेघ हलकेच वळते. कान काढताना कानाकडे बघू नका, कानातून दिसणाऱ्या पोकळीचा आकार काढा. तो बरोबर आला की कान आपोआप बरोबर येतो.

मग चार मिनिटं पहिला हात. जलरंगात पांढरा म्हणजे कागदच, म्हणून चकाकणारी जागा आधीच ठरवून कोरी सोडा. डोळे बारीक करून पाहिलं की बारकावे विरतात आणि उजेडाचे, अंधाराचे मोठे तुकडे उरतात. सगळ्यात फिका रंग पाणीदार कालवून मगभर एका दमात फिरवा. टेबलाचा रंगही फिका लावून टाका. मग आणि टेबल यांच्यामध्ये केसाएवढी कोरडी फट ठेवली तर रंग एकमेकांत वाहत नाहीत. एकदा लावलेल्या ओल्या रंगावरून परत परत कुंचला फिरवू नका, पारदर्शकपणा तिथेच संपतो.

आता वाळेपर्यंत तीन मिनिटं थांबायचं आहे. हा वेळ लिहिण्याचा. काय लिहायचं ते पुढे सांगते.

त्यानंतर चार मिनिटं सावलीची. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा करडा करा, त्यात टेबलाच्या रंगाचा एक थेंब मिसळा. मगच्या अंधाऱ्या बाजूपासून सुरुवात करून त्याच ओल्या रंगानं टेबलावरच्या सावलीत उतरा, मध्ये थांबू नका. दोन्ही सावल्या एकमेकींत मिसळल्या की वस्तू जमिनीला टेकते. टेबलावर पडलेली सावली मगच्या तळाशी सगळ्यात गडद आणि धारदार असते, लांब जाईल तशी फिकट होत जाते. तिची दूरची कड स्वच्छ ओलसर कुंचल्यानं मऊ करा.

शेवटच्या दोन मिनिटांत तीन गडद खुणा: तळाची फट, कानाच्या आतला कोपरा आणि तोंडाच्या आतली सावली. चौथी खूण करायला हात शिवशिवेल तेव्हा कुंचला पाण्यात ठेवा.

प्रत्यक्ष पाहून

पहिल्या आठवड्यात फोनमधल्या फोटोवरून काढायचा मोह होतो, कारण फोटो हलत नाही. तरी समोरच्या वस्तूवरूनच काढा. कॅमेरा सावल्यांना काळं करतो आणि उजेडाला पांढरं. डोळ्याला मात्र सावलीत निळा, जांभळा, शेजारच्या भिंतीवरून परतलेला पिवळा असं बरंच काही दिसतं. पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पानारिओ यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या अर्बन स्केचर्स या रेखाटनकारांच्या गटाच्या जाहीरनाम्यातलं पहिलं कलमच हे आहे: घरात असो वा बाहेर, जागेवर बसून, प्रत्यक्ष पाहून काढायचं.

वस्तूंचा सराव झाला की खिडकीकडे वळा. एकाच खिडकीतलं दृश्य महिनाभर, रोज त्याच वेळी, चार सेंटिमीटरच्या चौकोनात काढून पाहा. जोडपानावर तीस चौकोन सहज बसतात. इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला ढगांचे असे ढीगभर अभ्यास केले. ते तैलरंगात होते, पण त्यांतल्या अनेकांच्या पाठीमागे त्यानं तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली. ही सवय उचलण्यासारखी आहे.

माणसं काढायला घाबरायचं कारण नाही, ती हलणारच हे धरून चाला. एकाच पानावर तीन-चार आकृत्या अर्धवट सुरू ठेवा. वाचणारा, वाट पाहणारा, फोनवर बोलणारा माणूस काही वेळानं पुन्हा त्याच ढबीत येतो, तेव्हा मागची आकृती पुढे न्यायची. आधी डोकं आणि खांद्यांचा कल, मग पाठीची रेघ, मग पायांचा भार कुठे आहे ते. चेहरा शेवटी, आणि तोही फक्त कपाळ-नाकाच्या सावलीचा एक डाग. घरातली माणसं चालण्यावरून लांबून ओळखू येतात, तशीच या आकृत्यांतूनही येतात. अनोळखी माणसाला अवघडल्यासारखं झालेलं दिसलं तर वही मिटून दुसरीकडे बघा. चित्रासाठी कुणाचा निवांतपणा मोडू नये.

शब्द

फ्रेंच चित्रकार दलाक्रवा १८३२ मध्ये मोरोक्कोला गेला तेव्हाच्या त्याच्या वह्यांत रेखाटनं, जलरंगाचे डाग आणि हस्ताक्षर एकमेकांत मिसळलेले आहेत. शब्द तिथे चित्राच्या बरोबरीनं बसतात. आपल्या वहीतही चित्रात मावत नाही तेवढंच लिहा: मागे कसला आवाज चालू होता, कुणी काय म्हटलं, हवा कशी होती, हा मग कुणाचा. ‘आज मग काढला’ हे लिहायची गरज नाही, तो दिसतोच आहे. दोन-तीन ओळी पुष्कळ. माझ्या एका पानावर बुटांच्या साध्याशा चित्राखाली ‘आज पहिल्यांदा स्वतः नाडी बांधली’ एवढंच आहे. ते बूट ज्याचे होते तो आता माझ्याहून उंच झाला आहे, आणि त्या वहीतलं मी सगळ्यात जास्त वेळा उघडलेलं पान तेच आहे.

लिहायची जागा रंगवण्याआधीच पेन्सिलीनं राखून ठेवा. ओल्या रंगावर पेन चालवलंत तर शाई फुटते आणि निबही खराब होते.

बिघडलं तर

रंग नको तिथे गेला आणि अजून ओला असेल तर स्वच्छ, पिळलेल्या कुंचल्यानं तो शोषून घ्या. वाळला असेल तर ओलसर कुंचल्यानं हळूच चोळा आणि फडक्यानं टिपा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलला जातो. थॅलो निळा कागदाला डाग धरतो, त्याच्याशी झटापट करू नका. हरवलेली चकाकी पांढऱ्या ग्वाशच्या, म्हणजे अपारदर्शक जलरंगाच्या, एका ठिपक्यानं परत आणता येते, मात्र एका पानावर एक-दोनच.

पान अगदीच फसलं तरी फाडू नका. शिवलेल्या वहीत एक पान फाडलं की टाक्याच्या पलीकडचं त्याच्या जोडीचं पानही सैल होतं, आणि तुमचं एखादं चांगलं चित्र त्यापायी निखळतं. तारीख घाला, काय चुकलं ते एका ओळीत लिहा आणि पान उलटा. महिन्याभरानं त्या ओळी सलग वाचल्या की एकच चूक पुन्हा पुन्हा होतेय का ते दिसतं. माझी होती सावली फिकी ठेवण्याची.

दिवस चुकतात. चुकलेल्या दिवसांसाठी पानं कोरी सोडू नका आणि आठवून मागाहूनही भरू नका. आजची तारीख टाका, पुढच्या पानावर. फार धावपळीचा आठवडा असेल तर एका पानावर सात चौकोन आखून ठेवा आणि रोज एकात फक्त दिवसाचे तीन रंग भरा: सकाळच्या भिंतीचा, दुपारच्या रस्त्याचा, रात्रीच्या दिव्याखालचा. तीन मिनिटांचं काम आहे.

सांभाळणं

पान पुरतं वाळल्याशिवाय वही मिटू नका. दाट लावलेला रंग दमट दिवसांत डिंकामुळे पुन्हा चिकट होतो आणि समोरच्या पानाला धरतो. अशा पानांमध्ये बटर पेपर घाला. रंगपेटीही ओली असताना बंद करू नका, वड्यांवर बुरशी येते. कुंचला पाण्यात उभा ठेवून विसरलात तर टोक वाकतं. धुऊन, बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवा. भरलेल्या वह्या उन्हापासून दूर कपाटात ठेवा, कण्यावर पहिल्या आणि शेवटच्या पानाची तारीख लिहा.

चालू वहीची चार-पाच पानं उरली असतील तेव्हाच पुढची वही आणून ठेवा. तिच्या शेवटच्या पानावर पेनाची परीक्षा घ्या, सहा रंगांचे सहा चौकोन भरा, आणि ती थैलीत जुन्या वहीच्या मागे सरकवून द्या.